मोहाखाली अंथरलेलं जंगल

रोशन वनव्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या आईनं, कमळानं, साऱ्या खैरटोल्यात घरोघरी जाऊन गूळ वाटला. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, तोच रोशन ग्रामसभेत उभा राहिला आणि म्हणाला, यंदा मोहाच्या झाडांखाली कोणी पाला जाळायचा नाही. ठिणगी जंगलात गेली की कोवळी रोपं जळतात, जमिनीवरची घरटी जळतात. जो कोणी जाळेल त्याचं नाव सभेत पुकारलं जाईल.

बाया आधी एकमेकींकडं बघू लागल्या. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू कमळाकडं वळल्या. दरवर्षी गावात सगळ्यात आधी काडी लागायची ती तिच्याच मोहाखाली.

त्यात तिची काही हौस नव्हती. मोहाची पानझड आणि फुलांचा बहर एकाच वेळी येतो. वेचून विकायची फुलं पहाटेपासून टपटप पडतात, ती वाळल्या पाल्यात जाऊन दडतात, आणि पाल्यात हात घालावा तर विंचू डसायची भीती. पाला जाळला की जमीन काळी होते, तिच्यावर पिवळसर फुलं नीट दिसतात. शिवाय अलीकडं वाघाचा वावर वाढलेला. मोकळ्या जमिनीवर चार हात लांबचं दिसलेलं बरं, असं बायांचं म्हणणं.

“सभेत सांगाच्या आधी मले इचारलं काय तू?” रात्री भात वाढता वाढता कमळानं विषय काढला.

“आई, जंगल का आपल्या एकट्याचं हाय?”

“अन् कंबर? ते तर माही एकटीची हाय ना! शेताच्या धुऱ्यावर पाच झाडं हायेत. रोज वाकून पाला कोन झाडन? तुयी समिती?”

“मी झाडतो.”

चुलीपाशी बसलेली त्याची बायको दिव्यानी खुदकन हसली. रोशननं तिच्याकडं रागानं पाहिलं, तशी ती आणखीच हसली.

“मी का वनवा लावते?” कमळा म्हणाली. “बादलीभर पानी घेऊन उभी राह्यते. इझल्याबिगर घरी येत नाई.”

“तू उभी राह्यते. सगळेच राह्यतात काय? तू जाळलं का बाकीचे म्हनतात, अध्यक्षाची माय जाळते, मंग आमी काऊन नाई?”

कमळानं त्याच्या ताटात आणखी एक पळी वरण ओतलं. तिचा नवरा वामनराव खाली मान घालून जेवत राहिला. घरातल्या भांडणात तो सहसा पडत नसे.

दुसऱ्या दिवशी रोशन एक यंत्र घेऊन शेतावर आला. पाठीवर अडकवायचं, हातात मोठी नळी. जंगलातली आग पसरू नये म्हणून मधला पट्टा साफ करायला ते समितीला मिळालं होतं. त्यानं दोरी ओढली आणि असा काही आवाज झाला की मोहावरचे पोपट उडाले, शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेला म्हातारा लटारू दचकला आणि दिव्यानीनं पदर तोंडावर घेतला. पण काम मात्र झकास झालं. पाचही झाडांखालची जमीन अंगणासारखी लख्ख!

“पाय आता!” रोशन घाम पुसत म्हणाला.

“पायलं. पेट्रोल किती गेलं?”

“ते समितीचं होतं.”

“म्हनजे पाला जाळाचा नाई, पेट्रोल जाळाचं. असं हाय तर!”

लटारू पलीकडून मोठ्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहतात तर जमिनीवर पुन्हा पाला, आणि यंत्र तर पुढच्या गावाला गेलेलं. रोशननं खराटा धरला. एक झाड झालं, दुसऱ्याचं अर्धं झालं, तोवर त्याच्या तळहाताला फोड आले. त्याच्या पुढच्या दिवशी त्याला ब्रह्मपुरीला वनखात्याच्या बैठकीला जायचं होतं. विषय होता, वणवा कसा रोखावा.

त्या दिवशी कमळा काडीपेटी कमरेला खोचूनच शेतावर गेली. वारा नव्हता. बादली भरलेली होती. तिनं काडी काढली आणि आभाळाकडं पाहिलं. धूर झाडाच्या वर गेला की साऱ्या गावाला दिसणार. लोक रोशनला हसणार. तोंडावर कोणी बोलणार नाही, पण पानठेल्यावर आठवडाभर तोच विषय चालणार. जंगलासाठी तिनं काडी परत ठेवली असती की नाही, सांगता येत नाही. पोरासाठी मात्र ठेवली. मग सगळा राग खराट्यावर काढत तिनं पाचही झाडं झाडली आणि कंबर धरून घराकडं निघाली.

वाटेत समाजमंदिराची खोली लागते. तिथं वामनराव नाटक मंडळाचे जुने पडदे उन्हात पसरून बसला होता. आता मंडळ वडशाहून भाड्यानं छापील पडदे आणतं. हे कापडाचे, हातानं रंगवलेले पडदे कोणाला नकोत. तरी हिवाळ्यातला नाटकांचा हंगाम संपला की वामनराव ते बाहेर काढून ऊन दाखवायचा. तरुणपणी त्यानं रंगाऱ्याच्या हाताखाली ते रंगवले होते. जंगलाच्या पडद्यावरचा वाघ तर पुरता त्याचाच.

कमळा उभी राहिली. पडद्यावर कडुनिंबाचा पाला पडला होता. वामनरावनं एक कड धरून उचलली, हलकासा झटका दिला, आणि सगळा पाला घरंगळत दुसऱ्या टोकाला जाऊन जमा झाला.

“अवो,” ती म्हणाली, “हा पडदा मले द्या.”

“कायले?”

“मोहाखाली टाकाले.”

वामनरावनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं घराच्या छपराचे कवेलू काढून मागितले. “पडदा रंगमंचावर असते, कमळा. मोहाखाली नाई.”

“रंगमंचावर कुठी हाय? खोलीत पडून हाय. उंदरं पायतात त्याले.”

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलल्याबरोबर कळलं. वामनराव पडद्याची घडी घालू लागला. रात्री तो जेवला. मग हात धुऊन आला आणि म्हणाला, “दरबाराचा पडदा भेटनार नाई. रस्ता बी नाई. जंगल घेऊन जा. अन् मी संग येतो. पडदा पसरवनं तुमाले जमत नाई.”

झुंजुमुंजू होताच कमळा, दिव्यानी आणि वामनराव शेतावर पोचली. वाघ दूर राहावा म्हणून मोठमोठ्यानं बोलत, टोपल्या वाजवत, जशा सगळ्याच बाया जातात तशी. वामनरावनं खोडालगत पडदा असा अंथरला की एक सुरकुती राहिली नाही. मग तो बाजूला बसून वर बघत राहिला. थोड्या वेळात पहिलं फूल पडलं ते नेमकं वाघाच्या नाकावर. तो पुसायला उठला.

“बसा ना बाबा,” दिव्यानी म्हणाली. “वाघाले बी मोह आवडत असन.”

ऊन वर येईपर्यंत रंगवलेलं हिरवं जंगल फुलांनी भरून गेलं. चारी कडा धरून उचलल्या, फुलं मधोमध गोळा झाली, सुपानं पाखडून पाला वेगळा काढला. टोपली भरली. वाकावं लागलं नाही, वेचावं लागलं नाही. कमळाला एवढ्या सकाळी रिकामे हात घेऊन काय करावं तेच कळेना. ती नवऱ्याशेजारी धुऱ्यावर जाऊन बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मोहाच्या दिवसांत तो कधी तिच्याबरोबर शेतावर आला नव्हता. हे बायकांचं काम, असं त्याचं आणि सगळ्या गावाचंच मत होतं. आता तो मोहाचं फूल बोटांत फिरवून म्हणत होता, “ह्या रंगाले पिवळ्यात थोडा पांढरा मिसळावा लागते.”

“उद्या बी येजा,” ती म्हणाली. “पडद्याची काळजी घ्याले.”

“याच लागन,” तो म्हणाला.

बातमी गावभर झाली. बाया बघून गेल्या, दोघींनी जुन्या साड्या जोडून शिवायला घेतल्या. फक्त लटारूनं मान हलवली. “जंगलात जंगलाचा पडदा! वा! माह्याकडे ना पडदा, ना साडी देनारी बायको. मी का करू?”

सगळे हसले. कमळाही हसली आणि विसरून गेली.

पण दोन-तीन दिवसांनी ती पडदा अंथरत होती तोच लटारूच्या धुऱ्यावरून धूर उठला. वारा जंगलाकडं वाहत होता. “दिव्यानी, धाव!” म्हणत तिनं पळसाची एक हिरवी फांदी मोडली. दिव्यानी दुसरी फांदी मोडून धावली. वामनराव बादली घेऊन मागून येत होता, अर्धं पाणी त्याच्याच धोतरावर सांडत होतं. आगीची एक जीभ बांबूच्या बेटाकडं सरपटत निघाली होती. तिघांनी झोडपून झोडपून ती मोडली. लटारू काठी टेकत, खोकत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा सगळं विझलं होतं.

“भाऊ, अक्कल हाय काय तुमाले?” कमळा ओरडली. “बांबू पेटला असता तर?”

लटारू खाली बसला. बसतानाच त्याचा चेहरा पिळवटला. “गुडघा वाकत नाई, बाई. पोट्टे दोघंबी बल्लारपूरले कामावर. पाला कसा झाडू? अन् मोह सोडू तर खाऊ काय?”

कमळानं हातातली फांदी खाली टाकली. इतक्या वर्षांचा शेजार, रोज सकाळी तिला तो बसलेला दिसायचा. बसलेला का असतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मोटरसायकल टाकून रोशन धापा टाकत पोचला. काळी जमीन पाहून त्याचा चेहरा कडक झाला. “लटारूकाका, सभेत ठरलं होतं. आता नाव पुकारावं लागन.”

“कोनाचं?” कमळा म्हणाली. “त्याईच्या गुडघ्याचं?”

रोशन थांबला. लटारूकडं पाहिलं, जळालेल्या पट्ट्याकडं पाहिलं, आईच्या काळ्या झालेल्या हातांकडं पाहिलं.

“जाळाचं नाई, हे तुयं बराबर हाय,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “मले बी आता पटलं, म्हन. पन ज्याच्यानं होत नाई त्याच्यासाठी समितीनं का ठरवलं, ते सांग.”

“काई नाई ठरवलं,” रोशन हळूच म्हणाला.

“मंग ठरवा.”

पुढच्या सभेत ठरलं. गावात म्हातारी-कोतारी, एकटी-दुकटी जेवढी होती त्यांची झाडं समितीतल्या पोरांनी वाटून घेतली. नियम करणाऱ्यानं आधी स्वतः झाडायचं, असं दिव्यानीनं भर सभेत सुचवलं आणि बायांनी टाळ्या वाजवून ते मंजूरही करून टाकलं. लटारूचं झाड अध्यक्षाच्या वाट्याला आलं.

मोह संपेपर्यंत रोज सकाळी रोशन तिथं राबत होता आणि लटारू धुऱ्यावर पाय पसरून, चहाचा कप हातात घेऊन त्याला सूचना देत होता.

“तिकडे राह्यलं, अध्यक्ष! खोडाच्या मागं!”

“दिसून राह्यलं काका.”

“दिसते तर झाडत काऊन नाई?”

कमळा आपल्या धुऱ्यावरून ऐकत होती. हसता हसता तिच्या हातातली पडद्याची कड सुटली, अर्धी फुलं जमिनीवर सांडली आणि वामनराव तिच्यावर ओरडला.