म्बोक वागियेमची बैठी झोप

सोलो शहराच्या दक्षिणेकडे बाटिकचं कापड रंगवणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. तिथे वागियेम चाळीस वर्षं जामू, म्हणजे मुळ्या-पानांचा काढा, विकत हिंडली. पाठीवर वेताची टोपली, तिच्यात आठ बाटल्या, आणि सगळं ओझं छातीवरून आवळून बांधलेल्या लांब कापडावर पेललेलं. बायकांना हळद-चिंचेचा, शाळेतल्या पोरांना तांदळाचा गोडसर, रंगाऱ्यांना तोंड वाकडं करायला लावणारा कडू. सगळी वस्ती तिला म्बोक म्हणायची, म्हणजे आई. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला दिवस गेले, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं.

तिचं स्वतःचं मात्र दोन वर्षं कुणालाच कळलं नव्हतं. चार घास खाल्ले की छाती भरून यायची, धाप लागायची. वाकलं की आंबट पाणी घशाशी. आडवं पडलं की निखारा ठेवल्यासारखी जळजळ. मग ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली. सून रेत्नोनं विचारलं तेव्हा तिनं ठोकून दिलं, "नातीची परीक्षा आहे ना, तिच्यासाठी व्रत धरलंय. आडवं व्हायचं नाही." असं व्रत काही नवलाचं नव्हतं; वागियेमच्या आईनंही कधी काळी धरलं होतं. नात पास झाली. रेत्नोनं शेजारीपाजारी अभिमानानं सांगितलं. मग काय, पुढच्या परीक्षेसाठीही व्रत चालू ठेवणं आलंच.

खरं सांगायचं तरी कसं? आजारी जामूवालीच्या हातचा जामू कोण पिणार? शिवाय तिच्या मनानं घेतलं होतं की हे काळजाचं दुखणं आहे, बंद पडायचं तेव्हा पडेल.

एका सकाळी लास्मीच्या कारखान्याच्या दारात टोपली उतरवायला ती वाकली आणि तिथेच मटकन बसली. ओठ पांढरेफटक. लास्मी ही कापडावर मेणाची नक्षी काढणाऱ्या बायकांची मुकादम, आवाज खणखणीत.

"अगं म्बोक, काय होतंय?"

"काही नाही. जरा बसते."

"बसतेस कसली, पडतेयस! ए, त्या मेणाखालची चूल बंद करा आधी. आणि रिक्षा बोलवा कुणीतरी."

"माझ्या बाटल्या..."

"बाटल्या मी विकते. तू गप्प राहा."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर हाप्सारी होती, तिशीची, शांत बोलणारी. तिनं काळजाचा आलेख काढला. तो नीट निघाला. रक्त मात्र असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं. तोवर रेत्नो धावत आली. वागियेम मान खाली घालून बसली होती. जामूवाली दिसली की डॉक्टर आधी जामूच्या नावानं बोटं मोडतात, हा तिचा जुना अनुभव. पण हाप्सारीनं वेगळंच विचारलं.

"म्बोक, रात्री झोपता कशा तुम्ही?"

उत्तर रेत्नोनं दिलं. "बसून. व्रत आहे त्यांचं, माझ्या मुलीसाठी. दोन वर्षं झाली."

हाप्सारीनं वागियेमकडेच बघत विचारलं, "आणि आडवं झालात तर काय होतं?"

वागियेमचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिनं सगळं सांगून टाकलं: निखारा, आंबट पाणी, धाप, चार घासांनी भरणारी छाती. हाप्सारी लिहीत राहिली.

रेत्नो भडकली. "म्हणजे व्रत नव्हतंच? आणि मी गावभर सांगत फिरले!"

"पण पोर पास झाली ना?"

"ती अभ्यास करून पास झाली!" असं म्हणता म्हणता रेत्नोलाच रडू फुटलं.

हाप्सारीनं चिठ्ठी देऊन त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे वागियेमच्या घशातून दुर्बिणीची नळी घातली, पांढरं पातळ औषध पाजून फोटो काढले. मग विबिसोनो नावाचे वयस्कर सर्जन कागद-पेन घेऊन समोर बसले.

"छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा एक पडदा असतो. अन्ननलिका खाली उतरायला त्याला एक भोक असतं. तुमचं ते भोक सैल झालंय आणि त्यातून जठर वर छातीत शिरलंय, अर्ध्याहून जास्त. याला हायटल हर्निया म्हणतात."

"म्हणजे काळीज नाही?"

"काळीज ठणठणीत आहे. त्याच्या घरात पाहुणा घुसलाय, म्हणून दाटीवाटी होतेय."

वागियेमनं हळूच विचारलं, "टोपलीच्या ओझ्यानं झालं का?"

"ओझ्यानं भर घातली असेल. वयानंही पडदा सैल होतो. नेमकं बोट ठेवता येत नाही, आणि चूक तर कुणाचीच नाही."

रेत्नोला एकच काळजी. "पोट फाडावंच लागेल का?"

"पुष्कळांना हा असतो आणि कळतही नाही. लहान असला तर आम्ल कमी करणारी गोळी, थोडं थोडं खाणं, जेवल्यावर तीन तास आडवं न होणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, एवढ्यावर भागतं. गोळीनं हर्निया जात नाही, जळजळ जाते." मग ते वागियेमकडे वळले. "तुमचा मोठा आहे. जठर पडद्याच्या कडेला घासून जखमा झाल्यात, त्यांतून रक्त झिरपतंय. उद्या त्याला पीळ बसला तर जिवावर बेतेल. म्हणून मी शस्त्रक्रियाच सुचवीन. चार-पाच बारीक छिद्रांतून जठर खाली ओढायचं, भोक शिवायचं, आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा, म्हणजे आंबट पाणी वर येणार नाही. काही वर्षांनी परत सैल होऊ शकतं, तेही आत्ताच सांगतो."

"आणि नाहीच केलं तर?"

"तर गोळ्या घ्यायच्या, रक्त भरत राहायचं, आणि बसून झोपायचं."

वागियेमनं त्यांनी काढलेल्या चित्राचा कागद परत त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बसून झोपायचा कंटाळा आलाय हो. करा."

आधी रक्त भरलं, आठवड्यानं शस्त्रक्रिया झाली. खांदे दुखले, पोटात वारा अडला, ढेकर येईना म्हणून ती वैतागली. दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ खिमट, आणि जड काही उचलायचं नाही. रेत्नो दर दोन तासांनी वाटी घेऊन हजर व्हायची आणि तोंडानं सासूला बोलत बोलत हातानं भरवायची. "गिळा सावकाश. आणि आता दुखलं तर दुखतंय म्हणायचं. व्रत-बित चालणार नाही माझ्या घरात."

जामू काही बंद पडला नाही. पहाटे रेत्नो हळद कुटायची आणि लास्मीच्या बायका पाळीपाळीनं बाटल्या हातगाडीवर घालून गल्लीत फिरवायच्या. एकीनं कडू जामू इतका कडू केला की रंगाऱ्यांनी निरोप धाडला, म्बोक, लवकर बरी हो, नाहीतर या बायका आम्हाला मारतील. हसताना टाके दुखले तरी वागियेम हसत राहिली. आपण वस्तीला पाजतो असं ती चाळीस वर्षं समजत होती. वस्तीनंही आपल्याला धरून ठेवलंय, हे तिला आता दिसत होतं.

घरी आल्यावर सहाव्या दिवशी दुपारी, उशाकडे उंच केलेल्या पलंगावर ती आडवी झाली आणि संध्याकाळच्या अजानपर्यंत झोपली. श्वास चालू आहे ना, हे बघायला रेत्नो तीनदा येऊन गेली.

तिसऱ्या महिन्यात घरी आभाराचं जेवण घातलं. पिवळ्या भाताचा उंच शंकू मध्यभागी, भोवती उकडलेली अंडी, सोयाबीन आंबवून केलेलं तळलेलं तेंपे, भाज्या. लास्मीची अख्खी टोळी आली, डॉक्टर हाप्सारीही आली. शंकूचं टोक कापून मानाच्या माणसाला द्यायचं असतं. सगळ्यांनी हाप्सारीकडे पाहिलं.

वागियेम म्हणाली, "डॉक्टरबाई, रागावू नका. तुम्ही विचारलंत म्हणून मी जगले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे टोक हिचं. मी हिच्याशी दोन वर्षं खोटं बोलले आणि हिनं मला घास घास भरवलं."

रेत्नो लालबुंद झाली. "पुरे हो म्बोक, लोक बघतायत. भात गार होतोय."

टाळी पहिली हाप्सारीनंच वाजवली. जाताना तिनं तांदळाचा गोडसर जामू मागून घेतला आणि बजावलं, "चिंचेचा खुशाल विका, पण स्वतः पिऊ नका."

सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर वागियेमनं मूठभर भात घेतला. एकेक घास सावकाश चावला. तो सरळ खाली उतरला आणि तिथेच राहिला.