साडेनऊ लाखांचा दाखला

आमचा रतिलालदादा यावलला केळी पिकवतो आणि केळीपेक्षा जास्त बढाया पिकवतो. त्याच्या मयुरीला धुळ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा त्याने गल्लीभर पेढे वाटले. वर प्रत्येकाला ऐकवलं, की सरकारने मुलींची फी माफ केली आहे, आपल्याला दमडीही लागणार नाही. फुकटच्या शिक्षणाचा पहिला खर्च पेढ्यांचा झाला.

कागदपत्रं तपासून घ्यायला धुळ्याला जायच्या आधी बापलेक मेहरूणला माझ्याकडे आले. मी शाळेत शिकवते, म्हणून घराण्यातले सगळे हिशेब माझ्याच गळ्यात पडतात. लिहायला बसले. शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य. इथपर्यंत दादा मिशीवरून हात फिरवत होता. मग डेव्हलपमेंट फी आली, ती माफीत बसत नाही. होस्टेल, मेस, लॅपटॉप, सणासुदीला घरी यायचं भाडं. पहिल्या वर्षाचा आकडा सव्वा लाखाच्या आसपास गेला. दादाचा मिशीवरचा हात खाली आला, पण म्हणाला, एवढं तर केळी देईल. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

ते कौतुक उत्पन्नाचा दाखला पाहीपर्यंतच टिकलं. माफी आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळते, आणि दाखल्यावर होते साडेनऊ लाख. दादाचं उत्पन्न पाच लाखांच्या वर कधी गेल्याचं मला आठवत नाही. आता शिक्षण शुल्काचे वर्षाला नव्वद हजार आणखी भरावे लागणार होते, आणि ते केळी देणार नव्हती.

हा पराक्रम कसा घडला, ते मयुरीने सांगितलं. तिच्या भावाचं, नवीनचं लग्न बोदवडला जमत आलं आहे. मुलीचे वडील योगराजभाऊ घर आणि शेत-वावर बघायला आले, त्याच दिवशी दादाला तलाठ्याकडे उत्पन्न सांगायला जायचं होतं. शहाण्याने पाहुण्याला घरी चहा पीत बसवलं असतं. आमच्या दादाने मोटरसायकलवर मागे बसवून सोबत नेलं. तलाठ्याने विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? होणाऱ्या व्याह्यासमोर खरा आकडा सांगणारा बाप आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. तलाठ्यानेही मुकाट्याने लिहून घेतलं.

मी म्हटलं, तपासणीला अजून आठवडा आहे, खरं उत्पन्न सांगून दाखला नवा काढ. तर दादा म्हणे, तलाठी बोदवडचाच, बातमी दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडे पोचेल. त्यापेक्षा मयुरीने वर्षभर थांबावं. नवीनचं लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू खरं काय ते.

म्हणजे पोराच्या लग्नात बापाचं नाक वर राहावं म्हणून पोरीने हातातली जागा सोडायची. मला इतका संताप आला, की मोठा भाऊ आहे हेही मी विसरले आणि त्याला नको नको ते बोलले. तरी तो हट्ट काही सोडेना.

मयुरीने दादाचा मोबाइल उचलला, योगराजभाऊंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काका, मी मयुरी. आमचं उत्पन्न साडेनऊ लाख नाही, पाच लाख आहे. पप्पा तुमच्यासमोर जास्तीचं बोलले. त्याच्यात माझी फीमाफी अडकली. आता दाखला बदलायचा आहे, म्हणून तुम्हाला आधीच सांगते."

दादाचा चेहरा पाहवत नव्हता. पलीकडून योगराजभाऊ म्हणाले,

"पोरी, मी तुमचं वावर पाह्यलं व्हतं ना. मले तवाच समजलं. लग्नाचं काही मनात आणू नको. तू दाखला बदलून घे."

थोडक्यात, दादाच्या त्या बढाईवर अख्ख्या जगात एकट्या सरकारने विश्वास ठेवला होता.

फोन ठेवल्यावर दादा उठला, चपला घातल्या आणि लेकीला म्हणाला,

"चाल, यावलची बस धरू. तठी तलाठ्याकडे कोणी ओळखीचं बसलेलं दिसलं, त आकडा तू सांगजो. मले सांगता येत नाही."