जनुकाची चिठ्ठी

माझ्या भाचीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. बहिणीचा घोर होताच, पण त्याहून भाचीचा मोठा.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं होतं. पेशी बेफाम वाढू लागली की तिला आवरणारं एक राखणदार जनुक असतं. बहिणीच्या गाठीत ते गप्प झालं होतं.

"ते जन्मापासून मोडकं असेल, तर मुलीलाही मिळालं असण्याची निम्मी शक्यता," बाई म्हणाल्या. "पण कधी जनुक धड असतं, आणि मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे त्याचा निरोप वाटेतच अडवतात. ते गाठीपुरतं. मुलीकडे जात नाही."

मग बहिणीचं रक्त आणि गाठीचा नमुना तपासायला गेला. तीन आठवडे भाची अंघोळीला अर्धा अर्धा तास लावायची. आत काय चाचपते ते आम्हाला कळायचं. विचारणार कोण?

अहवाल आला. सोबत बाईंनी सोप्या भाषेत चिठ्ठी लिहिली होती. भाची दोन्ही लेकींना पाजत होती.

"मावशी, तूच वाच."

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. बोट ठेवून वाचते, ओळ संपली की दम घेते. वाचलं, "रक्तातल्या राखणदार जनुकात जन्मजात दोष आढळला..."

ओळ संपली. हातातून कागद गळाला.

भाचीने लेकींना अंगापासून दूर धरलं, जणू दुधातूनच जाईल. दोघी रडायला लागल्या. "माझ्या पोरी गं," एवढंच ती म्हणाली.

खाटेवरून बहीण कशीबशी उठली. तिने कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"अक्का, तुझं वाचन म्हणजे नदीत अर्ध्यावर होडी सोडणं! खालच्या ओळीत 'नाही' आहे. आढळला नाही!"

भाची हमसून हमसून रडली. मी कपाळावर हात मारून घेतला.

बहीण पुढे वाचत राहिली. गाठीत मायक्रोआरएनए फार वाढले होते. राखणदार धड होता, त्याचा निरोप पोचत नव्हता.

"सासरी माझीही तीच गत होती," ती म्हणाली. आम्ही हसलो. मग तिने चिठ्ठीची मागची बाजूही पाहिली. तिथे काही नव्हतं.

त्या तुकड्यांना आवरणारं औषध तेव्हा डॉक्टरांकडे नव्हतं. होते ते उपचार झाले. भाचीची तपासणी दरवर्षी होते, ती ठणठणीत आहे. माझी धाकटी बहीण मात्र त्या चिठ्ठीच्या पुढच्याच वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी वारली.