पाण्याची गोळी

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा रबरी फुगा दाबायला घेतला, तेव्हा ताईने दंड आणखीच ताठ केला.

“हात सैल सोडा.”

“सैलच आहे.”

“मूठ बघा तुमची.”

ताईने पाहिलं. मूठ खरंच आवळलेली होती. तिने एकेक बोट उघडलं, पण तोवर पट्टा दंडाला करकचून बसला होता.

“एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचं एकशे चार.” डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली. “आणि हे घेऊन तुम्ही साठ माणसं भरलेली बस चालवताय. गोळ्या घेता का?”

“घेते.”

“तिन्ही?”

ताई समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. अगदी खालची बारीक ओळसुद्धा तिला लख्ख दिसत होती. दाराला पडदा नव्हता. बाहेरच्या बाकड्यावर वर्षाच्या तपासणीसाठी आलेले आठ-दहा ड्रायव्हर बसले होते, आणि आपण काहीच ऐकत नाही असा चेहरा करून सगळं ऐकत होते.

“हृदय थोडं मोठं झालंय तुमचं. मागच्या वेळी सांगितलं होतं. अंगात पाणी साठतं, त्याचा ताण येतो. पाण्याची गोळी तर अजिबात चुकवायची नाही.” मग डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुम्हा बायकांचं हेच होतं. घर बघायचं, मुलं बघायची, नवऱ्याला डबा द्यायचा, आणि स्वतःची गोळी तेवढी विसरायची.”

ताईने ओठ घट्ट मिटले. तिने एकही गोळी विसरून चुकवली नव्हती. ज्या चुकवल्या, त्या ठरवून चुकवल्या होत्या.

डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला. पंधरा दिवस स्टेअरिंगला हात लावायचा नाही. गोळ्या नियमाने घ्यायच्या, मग पुन्हा तपासणी. तेव्हाही आकडा खाली आला नाही, तर मग कायमचंच बघावं लागेल.

ती बाहेर आली तशी बाकडं सरकून बसलं. डेपोत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून सात वर्षांनी मोठा हेडफिटरसुद्धा. एकोणीस वर्षांत तिच्या बसखाली कुत्र्याचं पिल्लूसुद्धा आलं नव्हतं. आज मात्र तिच्याशी नजर मिळवायला कुणी तयार नव्हतं.

घरी आली तर मुलगी तिच्या आधीच येऊन बसलेली. लग्न होऊन तीन गल्ल्या सोडून राहायला गेल्यापासून आईच्या तब्येतीची फौजदारी तिने आपल्याकडे घेतली होती. वारांची नावं लिहिलेली प्लॅस्टिकची डबीही तिनेच आणून दिली होती, आणि आता ती टेबलावर उघडी पडली होती.

“आई, मागच्या आठवड्याची सोमवार ते शनिवार पांढरी गोळी तशीच आहे. फक्त रविवारची घेतलीस. हा काय प्रकार?”

“रविवारी माझी सुट्टी असते.”

“गोळीला सुट्टी असते का?”

नवरा खिडकीशी रेडिओ उघडून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, “अगं, मरायचंय का तुला?”

ताईने बूट काढायला घेतले. पहिल्या गोळीने घोटे असे सुजायचे, की संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वळ बोटभर खोल उमटायचा. त्यापायी तिने एक नंबर मोठे बूट घेतले होते. दुसऱ्या गोळीने नाडी मंद व्हायची, बोटांची टोकं भर दुपारीही गार पडायची, आणि एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या दोन्ही गोळ्या ती बिनचूक घेई. सूज सोसता येते. गारठाही सोसता येतो.

“तुझ्या ऑफिसात किती पावलांवर आहे?” तिने मुलीला विचारलं.

“काय?”

“संडास.”

नवऱ्याने मान वर केली.

“माझी एक फेरी पावणेदोन तासांची. त्या टोकाला एक भिंत आहे. पुरुष तिच्या आडोशाला जातात. या टोकाला डेपो. बायकांचं जे काय आहे ते वर्कशॉपच्या मागे. कडी नाही, पाणी नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. अन् ती पाण्याची गोळी घेतली की पहिल्या तीन तासांत मला पाच वेळा लागते. सकाळी पाचला घेतली तर पहिल्या फेरीत हाल, दुपारी घेतली तर शेवटच्या फेरीत. संध्याकाळी घेऊन बघितली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि पहाटे परत गाडी. आता सांग, कधी घेऊ?”

“पण हे तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस? दुसरं काही देतील.”

“दार उघडं होतं.”

मग तिने तेही सांगितलं, जे सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. गोळी सुरू झाल्याच्या तिसऱ्याच आठवड्यात एके दिवशी बाराव्या स्टॉपपुढे तिला धीर धरवेना. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि भरलेली बस कडेला उभी करून ती समोरच्या फर्निचरच्या दुकानात धावली. मालक हसतमुखाने पुढे आला, “या, काय दाखवू?” सहा मिनिटांनी ती परत आली तर दोघेजण तिचं चित्रीकरण करत होते. ‘चालक प्रवाशांना वाऱ्यावर सोडून पसार’ अशी तक्रार गेली. मेमो आला. उत्तरात तिने ‘वैयक्तिक कारण’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून कामाच्या दिवशी तिने गोळी बंद केली, आणि ड्यूटी संपेपर्यंत पाणी पिणंही.

“मग डेपोत सांग ना,” मुलगी आता हळू आवाजात म्हणाली.

“तीनदा लेखी दिलंय. गोळीच्याही आधीपासून. शेवटचा अर्ज अडीच वर्षांपूर्वीचा, बावीस बायकांच्या सह्यांचा. उत्तर आलं, इमारतीत जागा उपलब्ध नाही.”

नवऱ्याने रेडिओचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाला, “मला तरी सांगायचंस.”

“सांगून तुम्ही काय करणार होतात? दार धरायला येणार होतात?”

तिचा आवाज चढला होता. त्या आवाजाबरोबर छाती धडधडायला हवी होती. पूर्वी भांडताना कानांत ठोके ऐकू येत. आता दुसऱ्या गोळीमुळे हृदय आपलं संथ चालत होतं, बैलगाडीसारखं, आणि राग नुसताच डोक्यात जाऊन बसत होता. मनासारखं चिडताही येऊ नये, याची तिला आणखी चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती शिक्क्याचा कागद घेऊन डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मॅनेजर नुकताच येऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता. कधी कुणावर ओरडत नसे, समोरच्याला आधी बसायला सांगे. ताईला तेच जड जाई. ओरडणाऱ्याशी निदान भांडता येतं.

“बसा, ताई.” त्याने कागद वाचला. “काळजी करू नका. पंधरा दिवस चौकशीच्या खिडकीवर बसा. वेळा सांगायच्या, बाकी काही नाही. तेवढाच आराम.”

“मला आराम नको. मला गाडी हवी.”

“प्रेशर खाली आलं की गाडी तुमचीच. गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्या.”

“घेऊ कशी?” ताई म्हणाली. आणि मग, दार उघडं असून, बाहेर कारकून असून, तिने सगळं सांगून टाकलं. बारावा स्टॉप, फर्निचरचं दुकान, मेमो, भिंत, कडी नसलेलं दार. ‘लघवी’ हा शब्द ती एकोणीस वर्षांत या इमारतीत पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. बाहेर टाइप करणाऱ्याचे हात थांबलेले तिला ऐकू आले.

मॅनेजर पुढे वाकला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ होती.

“ताई, मला कळत नाही का? मीपण तीच गोळी घेतो. दोन वर्षं होतील आता. पहिले दोन महिने माझे इतके हाल झाले, विचारू नका. मीटिंगमधून उठायचं, जिना उतरायचा, मागे जायचं. एकदा तर…” तो कसनुसं हसला. “शेवटी मी हे करून घेतलं.”

त्याने अंगठ्याने खांद्यामागे दाखवलं. फायलींच्या कपाटाशेजारी एक अरुंद दार होतं. ताईने ते पूर्वीही पाहिलं होतं; जुन्या रेकॉर्डची खोली आहे, असं तिला वाटायचं.

“इथे तर जुनी कागदपत्रं होती,” ती म्हणाली.

“ती हलवली तळघरात.”

“केव्हा?”

“सांगितलं ना, दोन वर्षं…” आणि मॅनेजर थांबला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते ताईला आपल्या सुजलेल्या पायांपासून वरपर्यंत एकेक इंच कळत गेलं. आजवर तिला वाटत होतं, या लोकांना ठाऊकच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं स्वतःला सांगत तिने दिवस काढले होते. आणि याचंही जळत होतं. याला मिनिटामिनिटाचं ठाऊक होतं.

“म्हणजे तुम्हाला कळत होतं,” ती म्हणाली.

“तसं नाही, ताई. ते बजेट वेगळं असतं. अधिकाऱ्यांच्या दुरुस्तीचं हेड वेगळं, कर्मचारी सुविधांचं हेड…”

“अडीच वर्षांपूर्वी जागा नाही म्हणून लिहिलं होतंत. सही तुमची आहे.”

ताईने पर्स उघडली, रुमालात गुंडाळून आणलेली पांढरी गोळी काढली, आणि त्याच्या टेबलावरच्या जगमधलं पाणी त्याच्याच ग्लासात ओतून घेतलं. गोळी गिळली. मग उरलेलं पाणीही संपवलं, आणि आणखी एक ग्लास भरून प्यायली. सकाळी दहाच्या आत इतकं पाणी ती कित्येक महिन्यांत प्यायली नव्हती.

“तुम्हाला किती वेळात लागते, साहेब?”

“काय?”

“गोळी घेतल्यावर.”

मॅनेजरने एकदा दाराकडे पाहिलं. “पाऊण तास,” तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलं नसावं.

“बसते मग.”

आणि ती बसली. भिंतीजवळची खुर्ची ओढून, पर्स मांडीवर घेऊन. मॅनेजरने एक-दोनदा “ताई, खिडकीवर…” असं सुरू केलं आणि सोडून दिलं. फोन आले, सह्या झाल्या, टायरची तक्रार घेऊन हेडफिटर आला आणि ताईला बघून निम्म्या वाक्यातच परत गेला. चाळीस मिनिटं झाली तशी ती उठली. घाईत उठल्याने नेहमीची अंधारी आली. तिने टेबलाची कड पकडली. मॅनेजरने चटकन हात पुढे केला.

“हात नको,” ती म्हणाली.

आत पांढऱ्या फरश्या होत्या. आरसा होता, वासाचा साबण होता, घडी घातलेला टॉवेल होता, आणि दाराला पितळी कडी होती. ताईने ती कडी लावली. मग एकदा काढून पुन्हा लावून पाहिली.

ती बाहेर आली तेव्हा ड्यूटीचा कागद घ्यायला आलेली एक कंडक्टर मुलगी दारात उभी होती. वर्षभरापूर्वीच लागलेली. तिने ताईकडे पाहिलं, ताईच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“ताई, तिथे काय आहे?”

“कडी आहे. पाणीपण आहे. जा.”

मुलीने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने समोरच्या फाइलकडे पाहिलं. मुलगी आत गेली.

अशी बातमी पोचायला फोन लागत नाही. अकरापर्यंत तिघी येऊन गेल्या. अकराला मॅनेजरने सवयीने ड्रॉवरमधली आपली पांढरी गोळी घेतली. साडेअकराला फेऱ्या सुटण्याआधी केबिनच्या दारात सहाजणी ओळीने उभ्या होत्या, चामडी पिशव्या खांद्याला, तिकिटाची यंत्रं गळ्यात. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ताई आपल्या खुर्चीतून एकेकीला मानेने आत पाठवत होती आणि मधूनमधून स्वतः जाऊन येत होती. कुणी हसलं तर ती हसत नव्हती. तिचा राग काही कमी झाला नव्हता. फक्त त्याला बसायला एक जागा मिळाली होती.

पावणेबाराच्या सुमाराला मॅनेजर उठला. दोन पावलं मागे वळला आणि थांबला. दार आतून बंद होतं, आणि दारापुढे अजून चौघी उभ्या होत्या. तो परत खुर्चीत बसला. पेन उचललं, ठेवलं. डावा पाय उजव्या पायावर टाकला, मग उजवा डाव्यावर. घड्याळाकडे पाहिलं. कपाळावर घामाचा एक थेंब आला होता.

ताई त्याच्याकडे बघत होती. तो आता कितव्या मिनिटाला आहे, अजून किती मिनिटं तग धरेल, आणि त्यानंतर माणसाला कसं कशाचंच भान उरत नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. नजरेनेच जाऊ का विचारत होता.

आत नळ वाहत होता. ताई खुर्चीतून थोडी पुढे झाली आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाली,

“सावकाश होऊ दे गं.”