पुसू नका, कापा मला

मी एक जुने रॉकेट-इंजिन आहे. जुने कसले! माझ्याच वर्षी आणलेली दारातली खुर्ची अजून नवी म्हणवते. मी मात्र एकदाच पेटले, शिंक येऊन जावी एवढाच वेळ, आणि भोक पडून कायमचे निकामी झाले. आता कंपनीच्या दारात काचेच्या पेटीत बसले आहे. मित्रांनो, माझे डोके भयंकर तापले आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा आराखडा संगणकाने काढला आणि संगणकाला शिकवले ताईंनी. कारखान्यात सगळे त्यांना ताईच म्हणत. त्या जुन्या चाचण्या त्याच्यापुढे मांडत, त्याची उत्तरे खोडून काढत, पुन्हा विचारत. "आगाऊ आहेस, पण डोकं आहे तुला," असे पडद्याला सांगत. शेवटी त्याने माझ्या भिंतींच्या आत बारीक, वळणावळणाच्या नळ्या काढल्या. त्यांतून गार इंधन फिरणार आणि मला वितळू देणार नाही. असले अंग ठोकून घडवणे कोणाच्या बापाला जमले नसते. म्हणून मला छापले. तांब्याची पावडर पसरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा पावडर. असे थरावर थर चढत मी उभे राहिले. ताईंनी माझ्यावरून हात फिरवला, तेव्हा मला फार बरे वाटले.

आता नीट ऐका. छापून झाल्यावर नळ्यांत सुटी पावडर उरते. उलटेसुलटे करून, थरथरवून ती सगळी झाडायची आणि मगच भट्टीत घालायचे. आत राहिली तर भट्टीत तिचा दगड होतो. काम किचकट, आणि मोठ्या साहेबांना घाई. चाचणी बघायला पाहुणे यायचे होते.

"थोडी झाडलीय ना? बास झालं. टाका भट्टीत," साहेब म्हणाले.

मी भट्टीत गेल्यावर ताई धावत आल्या. "साहेब, पावडर पूर्ण निघाली होती ना?"

"निघाली हो! प्रत्येक ठिकाणी नाक खुपसू नका."

खोटे! धडधडीत खोटे! मला एवढे मोठे तोंड दिले, पण त्यातून शब्द फुटेना.

चाचणीत मी पेटले. एका नळीत इंधन शिरेना. तिथली भिंत लाल झाली आणि वितळली. साहेबांनी पाहुण्यांसमोर संगणकावर खापर फोडले. "यंत्राच्या डोक्यानं चाललं की असंच होणार!"

"इंजिन कापून बघू या," ताई म्हणाल्या. "पावडर असेल तर दिसेलच."

"कापायचं कशाला? दारात ठेवू. सगळ्यांना धडा मिळेल."

ताईंना काढून टाकले. त्यांनी संगणकाला शिकवलेले सारेही साहेबांनी पुसून टाकले. जाताना ताई माझ्या पेटीसमोर थांबल्या. "तुझी चूक नव्हती बाळा," म्हणाल्या आणि डोळे पुसत बाहेर पडल्या.

साहेब अजूनही येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून तीच थाप मारतात. रोज सकाळी मला मऊ फडक्याने लख्ख पुसून घेतात. माझी निगा उत्तम आहे, मित्रांनो. अशी निगा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणणार नाही. करवत आणा. भोकाच्या जरा वर, डाव्या अंगाला कापा. दगड तिथेच आहे, माझ्या पोटात. तो काढा आणि ताईंच्या हातात नेऊन द्या.