दोर पुसलेली होडी

मी बोईसरच्या एका औषध कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये आहे. नमुन्यात डाग दिसला की बॅच नापास करायची, यावरच माझं पोट चालतं. ही खोड घरी आल्यावरही सुटत नाही. सरावलीतल्या आमच्या खोलीत बायकोने चहा पुढे ठेवला तरी मी आधी कपाचा काठ बघतो. "बघा बघा, मलाही नापास करा," असं ती म्हणते. अशा माणसाला फोटोंचा नाद लागल्यावर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

पहिली पाळी सुटली की ट्रायपॉड मोटरसायकलला बांधायचा आणि नवापूरचा किनारा गाठायचा. मला हवे असत सूर्य बुडतानाचे, पाण्यातल्या होड्यांचे फोटो. लेन्सवर काळा फिल्टर चढवून कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवला की तेवढ्या वेळातल्या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी सायीसारखं सपाट दिसतं. अट एकच, होडी हलता कामा नये. आता पाण्यातल्या होडीला हे कोणी सांगायचं?

तिथले मच्छीमार दादूकाका किनाऱ्यावरच जाळं शिवत बसलेले असायचे. "रोज सूर्याला पोचवायला येतो, बायको वरडत नाय काय तुजी?" असं म्हणून ते हसायचे. साताऱ्याकडून आलेल्या मला पाण्यातलं काही कळत नाही, याची त्यांना फार मजा वाटायची.

जानेवारीत एक दिवस त्यांची बायको, जमनाकाकी, सुक्या मासळीची पाटी खाली ठेवून माझ्याजवळ आली.

"बळवंत, आमच्या होडीचा एक फोटो काडशील? रविवारी डहानूचा मानूस घेऊन जानार हाय तिला."

काकांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. मुलगी रुचिता बोईसरच्या दवाखान्यात कामाला. जाळं ओढायला दुसरं कोणी नाही, म्हणून होडी विकली होती.

"सव्वीस वर्सं पोसलं तिनं आमाला," काकी म्हणाली. "आता भिंतीवर तरी राहूदे."

माझ्या हातात शनिवारची एकच संध्याकाळ होती. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हा काढ, हे काकांनीच सांगितलं. तरी पहिल्या तिन्ही फोटोंत होडी थरथरली. काकांनी स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं.

"एकीच्या दोन झाल्या की रं. किती वेळ हलू द्यायची नाय?"

"अर्धा मिनिट."

"बरं," म्हणून ते पाण्याकडे गेले. सूर्य टेकला होता. मागून उजेड शिरू नये म्हणून मी घाईघाईने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला, त्यात डोकं खुपसलं आणि सेकंद मोजत बसलो. चौथा फोटो बघितला आणि उडीच मारली. होडी अशी स्थिर होती, की फळीन् फळी मोजून घ्यावी. त्या आनंदात मी काकांचा निरोप घेतला की नाही, हेही मला आठवत नाही. बहुतेक नसेलच घेतला.

मग तीन दिवस मी तो फोटो कॉम्प्युटरवर घासूनपुसून लख्ख केला. आकाश केशरी केलं, कडेला जांभळं केलं. तरंगणारी बाटली काढली, दोन बांबू काढले. होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, एक जाड दोर तिरका पाण्यात गेला होता, तो सपाट पाण्यावर ओरखडा उठल्यासारखा दिसत होता. तो काढला. दोराच्या टोकाला होडीच्या सावलीत एक काळपट धब्बा होता, तोही पुसला. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली लिहिलं, 'संयमाचं फळ'. लोकांनी वाहवा केली, आमच्या मॅनेजरनेसुद्धा. मी फुगून गेलो.

गुरुवारी मोठी फ्रेम घेऊन मी काकांच्या घरी गेलो. होडी तोवर डहाणूला गेली होती. काकीने हात पदराला पुसले आणि फ्रेम उजेडाकडे धरली.

"बाई गं, आकाशाला हळद फासली काय तू?" ती हसली. मग हसू हळूहळू मावळलं. "दोर कुठं हाय?"

"काढला, काकी. मध्ये येत होता."

काका खाली मान घालून बसले होते.

"माझा भाव बन्सी," ती म्हणाली, "त्याची होडी अशीच आलेली किनाऱ्याला. दोर नाय, मानूस नाय. नुसती होडी. ही मी भिंतीवर लावू?"

तिने फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मला चहा केला. खरं सांगतो, मला आधी रागच आला. तीन दिवस डोळे फोडून घेतले आणि यांना पडलीय दोराची! घरी येईपर्यंत मी गाडीवर एकटाच बडबडत होतो.

तरी कॉम्प्युटर उघडला आणि मूळ फोटो काढला. दोर होता. तो नीट दिसतोय ना, हे बघायला मी तो मोठा करत नाळेपासून टोकापर्यंत गेलो. टोकाला तो धब्बा आला. मोठा केल्यावर तो धब्बा राहिला नाही. आधी दोर आवळलेल्या दोन मुठी दिसल्या, अगदी स्वच्छ. मग छातीपर्यंत पाण्यात उभं असलेलं अंग. चेहरा मात्र पुसट होता.

होडी आपोआप थांबली नव्हती. जानेवारीच्या गार पाण्यात, तसल्या खांद्याने, काकांनी ती अर्धा मिनिट धरून ठेवली होती. आणि मी त्यांना डाग म्हणून पुसून वर माझ्या संयमाचं कौतुक करून घेतलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. इन्स्टाग्रामवरचा फोटो मी तेव्हाच काढून टाकला.

रविवारी दुसरी फ्रेम नेली. आकाश होतं तसं, बांबू होते तिथे. काकीचं बोट नाळेवर टेकलं आणि दोरावरून सरकत मुठींपर्यंत आलं. तिला चेहऱ्याची गरज पडली नाही.

"हे हायेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

काकांनी वाकून बघितलं आणि एकदम ओशाळले.

"डोकं हललं रं माजं. शेवटाला खांद्यात कळ आली. तुजा फोटो खराब केला मी."

काकीने फडताळातून हातोडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"खिळा तू ठोक, बळवंत. त्या सांजेपासून त्यांचा हात वर जात नाय."