उघड्या डोक्याची खरडपट्टी

शब्द: विगिंग.
अर्थ: वरच्याने खालच्याची काढलेली खरडपट्टी.

साखरा गावात हा शब्द एकोणीसशे एकेचाळीस साली आला, पोळ्याच्या तीन दिवस आधी. गुरांची यादी तहसिलीत पोचली नव्हती, म्हणून निजाम सरकारच्या गिरदावराने, म्हणजे महसूल तपासनिसाने, चावडीवर, गावासमोर, व्यंकटराव पाटलाला झापलं. "पाटील है या पत्थर?" इथून सुरुवात झाली ती पाटलाच्या आज्यापर्यंत पोचली.

गिरदावर गेला. पाटलाचा भाऊबंद तातेराव बसल्या जागेवरून म्हणाला, "झापलेल्या माणसाचे बैल तोरणाखालून पयले कसे जातील? औंदा मान आमचा."

मान गेला की पाटीलकीचं नुसतं नाव उरणार.

व्युत्पत्ती:
यातून वाट काढायला पाटील शाळेच्या संतराम मास्तरांकडे धावला. मास्तरांच्या इंग्रजी कोशाची सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली होती; त्यामुळे शेवटच्या अक्षरांत त्यांचं इंग्रजी फार पक्कं होतं.

"अशा झापण्याला इंग्रजीत विगिंग म्हणतात. विग म्हणजे केसांचा टोप. विलायतेत मोठी माणसं तो घालायची. टोपवाल्याने झापलं की विगिंग. असं म्हणतात. नक्की कोणालाच ठाऊक नाही."

"म्हंजे झापायला डोक्यावर काही पायजेच?"

"तसं कोशात काही..."

"गिरदावरानं टोपी काढून ठेवली व्हती, मास्तर! उकडून राहिलं व्हतं त्याला!"

पाटलाने हेच पंचांपुढे मांडलं. त्यांना पटलं. बोडक्या डोक्याने आपल्याकडे तरी कोण न्याय करतो? झापणं रद्द.

तातेराव त्याच पावली सेनगावला गेला आणि गिरदावराच्या कानावर सगळं घालून आला.

वापर:
पोळ्याच्या दुपारी बैल तोरणापाशी उभे असताना गिरदावर घोड्यावरून उतरला. रूमी टोपी कानांपर्यंत दाबलेली. त्याने पाटलाला पहिल्यापासून झापलं. मग पंचांना, सरकारी झापणं रद्द केलं म्हणून. मास्तरांना, इंग्रजी येतं म्हणून. तातेरावाला, चुगली केली म्हणून. उरलेल्या गावाला, हसलात म्हणून. टोपी एकदाही हलली नाही.

तो गेल्यावर न झापलेला माणूस गावात सापडेना. बैल ताटकळले. ऊन उतरू लागलं.

तेवढ्यात गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून अमरसिंग आपली जोडी घेऊन आला, उशीर झाला म्हणून ओशाळलेला.

पाटलाच्या बायकोने, द्वारकाबाईने, विचारलं, "अमरसिंग, तुला गिरदावरानं कधी झापलं का रे?"

"न्हाई बाई. आमच्या तांड्यावर सरकार आजून आलंच न्हाई."

"मंग काहून उभा? हाक बैल!"

अमरसिंगची जोडी पहिली गेली. तिच्यामागे पाटील आणि तातेराव दिवस मावळेपर्यंत भांडत राहिले: दोघांत कमी कोणाला झापलं, आणि मग दुसरा नंबर कोणाचा.